घरात मयत झाली, कामावर रजा किती? बेळगाव सीमाभागातल्या नोकरदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या टाइम ऑफिसात मी बरीच वर्षं हजेरीपट सांभाळला. पहाटे फोन वाजायचा. पलीकडून कुणीतरी भरल्या गळ्याने सांगायचं, "आमचे बाबा गेले, मी आज येत नाही." चार-पाच दिवसांनी तोच माणूस मुंडण केलेल्या डोक्याने खिडकीशी उभा राहायचा आणि हळूच विचारायचा, "किती दिवस कापलेत?" खालचे बरेचसे प्रश्न त्या खिडकीवर ऐकलेले आहेत. काही आता ओळखीपाळखीतून फोनवर येतात. उत्तरं बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या पट्ट्यातल्या माणसाला धरून लिहिली आहेत.

घरातलं माणूस गेलं तर कायद्याने वेगळी रजा मिळते का?

नाही. खासगी नोकरीत जवळच्या माणसाच्या मृत्यूसाठी अमुक इतके दिवस पगारी रजा द्या, असं सांगणारा देशपातळीवरचा कायदा आपल्याकडे नाही. कर्नाटकच्या १९६१ च्या दुकाने व वाणिज्य आस्थापना कायद्यातही या नावाची रजा नाही. बाळंतपणाला कायदा आहे, आजारपणाला आहे, अपघाताला आहे. मरणाला नाही. ही फार मोठी उणीव आहे आणि ती भरून निघावी असं मला मनापासून वाटतं.

पण "तशी रजाच नाही" असं साहेबाने म्हटलं की माणूस मान खाली घालून परत फिरतो, ते चूक आहे. त्या नावाची रजा नसली तरी तुमच्या खात्यावर दुसऱ्या रजा असतात आणि त्या तुमच्या हक्काच्या असतात. साठलेली हक्काची रजा, किरकोळ रजा म्हणजे सीएल, कंपनीच्या नियमपुस्तकात किंवा युनियनच्या करारात लिहिलेली रजा, आणि यांतलं काहीच नसेल तर बिनपगारी. मोठ्या कंपन्या स्वतःच्या धोरणात साधारण ३ ते ५ दिवस देतात. नेमणुकीच्या पत्रासोबत जी चार पानं दिलेली असतात आणि कुणीच वाचत नाही, ती एकदा काढून बघा.

साठलेली रजा कशी मोजायची?

कारखान्यात २० दिवस प्रत्यक्ष काम केलं की १ दिवस हक्काची पगारी रजा मिळते. १९४८ च्या कारखाने कायद्यात त्यासाठी वर्षाला २४० दिवस भरावे लागत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेने ही अट १८० दिवसांवर आणली. म्हणजे वर्षात २८० दिवस भरले तर १४ दिवसांची रजा होते. वापरली नाही तर ३० दिवसांपर्यंत पुढच्या वर्षात जाते.

एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. हक्काची रजा तुम्ही मागितली आणि मालकाने नाकारली, तर ती नाकारलेली रजा बुडत नाही. ती कितीही साठू शकते, तिला ३० दिवसांची मर्यादा नाही. पण त्यासाठी मागितल्याचा कागद हवा. तोंडी मागितलेली आणि तोंडी नाकारलेली रजा हजेरीपटात कुठेच उमटत नाही, हे मी त्या हजेरीपटाकडे रोज बघून सांगतोय.

दुसरी गोष्ट आठवड्याच्या सुट्टीची. जुन्या कारखाने कायद्यात स्पष्ट लिहिलं होतं की रजेच्या मधे, आधी किंवा शेवटी येणारी सुट्टी हक्काच्या रजेत धरायची नाही. मंगळवारी वडील गेले आणि तुम्ही पुढच्या सोमवारी आलात, तर मधला रविवार रजेतून वजा होता कामा नये. पुष्कळ ठिकाणी तो सरसकट कापतात. पगाराची चिठ्ठी घेऊन बोटांवर दिवस मोजा.

पण ती रजा १५ दिवस आधी मागावी लागते ना?

जुन्या कायद्यात तसंच होतं. हक्काच्या रजेचा अर्ज १५ दिवस आधी द्यायचा. आजारपणासाठी ही अट सोडलेली होती, मरणासाठी मात्र सोडायची कुणाला सुचली नाही. त्यामुळे अडून बसणारा अधिकारी "आधी अर्ज कुठाय?" असं विचारू शकायचा, आणि विचारायचेही.

अशा वेळी सीएल कामाला येते. केंद्र सरकारच्या १९४६ च्या कायद्याखालच्या नमुना स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या लेखी नियमांच्या नमुन्यात, वर्षाला १० दिवसांपर्यंत किरकोळ रजा आहे. ती पगारी की बिनपगारी हे मात्र कारखान्यावर सोडलेलं आहे. आजारपण सोडून एका वेळी ३ दिवसांपेक्षा जास्त देत नाहीत. ही रजा आधी कळू न शकणाऱ्या खास प्रसंगासाठी आहे, असं त्यात लिहिलेलं आहे. आधी परवानगी घेणं शक्य नसेल तर जमेल तितक्या लवकर लेखी कळवायचं, किती दिवस लागतील तेही कळवायचं, एवढीच अपेक्षा आहे. मरणाइतका आधी न कळणारा प्रसंग दुसरा कुठला? म्हणून पहिले तीन दिवस सीएलवर टाका आणि पुढच्या दिवसांसाठी हक्काच्या रजेचा अर्ज वेगळा द्या.

तुमच्या कारखान्याचे स्थायी आदेश या नमुन्यापेक्षा वेगळे असू शकतात. १९४६ च्या कायद्याने ते इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, दाराजवळच्या फलकावर लावायचं बंधन घातलं होतं. ज्या कारखान्यात शंभरातले साठ-सत्तर गडी मराठी बोलतात तिथे मराठी प्रत मागण्यात भांडण उकरून काढण्यासारखं काही नाही. नियम समजला तरच पाळता येतो.

मी शोरूममध्ये / मेडिकल दुकानात / हॉटेलात कामाला आहे. मला काय लागू?

कर्नाटकचा १९६१ चा दुकाने कायदा. त्यातही २० दिवसांना १ दिवस या हिशेबाने वार्षिक पगारी रजा आहे आणि आजारपण, अपघात किंवा दुसऱ्या रास्त कारणासाठी वर्षाला १२ दिवस वेगळे आहेत. खडेबाजार, गणपत गल्ली, मारुती गल्लीतल्या दुकानांत हे कागदावर क्वचितच दिसतं. तिथे मालक-नोकराचं नातं घरच्यासारखं असतं, मालक स्वतः मातीला येतो, खांदा देतो, खर्चाला पैसेही देतो. ते मोलाचं आहेच. तरीही रजा कागदावर लिहून घ्या. मालकाचा मुलगा गल्ल्यावर बसला की घरच्यासारखं नातं राहीलच असं नाही.

सरकारी नोकरीत?

राज्य सरकारी कार्यालयांत वेगळी मृत्यू रजा नाही, पण अडचणही तितकी येत नाही. २०१९ मध्ये चौथ्या शनिवारची सुट्टी सुरू झाली तेव्हा सीएल १५ वरून १० वर आली. शिवाय वर्षाला ३० दिवस अर्जित रजा आणि २० दिवस अर्धपगारी रजा असते. केंद्राच्या नोकरीत सीएल ८ दिवस.

मी निपाणीचा, कामाला कागलच्या एमआयडीसीत. रजा कर्नाटकच्या नियमाने की महाराष्ट्राच्या?

काम जिथे करता तिथल्या. आधार कार्डावरचा पत्ता बघितला जात नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला ८ दिवस पगारी किरकोळ रजा थेट कायद्यातच दिलेली आहे, त्यामुळे कोल्हापूर भागात दुकान-ऑफिसात असलेल्यांची बाजू थोडी भक्कम आहे. कारखान्यात असाल तर कारखान्याचे नियम लागू. उलट, चंदगड-गडहिंग्लजकडून बेळगावात येणाऱ्यांना कर्नाटकातले नियम. गोव्यात वेर्ण्याला जाणाऱ्यांना तिथले.

सीमेवरच्या माणसाची खरी अडचण कायद्याची नसून वाटेची असते. नोकरी एका राज्यात, घर दुसऱ्या राज्यात, बहीण तिसरीकडे दिलेली. निरोप रात्री मिळतो, पहिली एसटी पहाटे असते. रजेच्या अर्जात प्रवासाचा दिवस वेगळा लिहा. "अंत्यविधी अमुक गावी, प्रवास १ दिवस" एवढं लिहिलं तरी माणूस उशिरा का आला हे समोरच्याला कळतं.

किती दिवस मागावेत?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला, आणि याचं उत्तर मी स्वतः चुकवलं होतं.

माझे वडील खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावी पावसाळ्यात गेले. मी तीन दिवस मागितले, कारण लोक तीनच मागतात हे माझ्याच वहीत दिसायचं. पहिला दिवस मातीत गेला, दुसरा पावण्यांत. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन झालं. चौथ्या दिवशी सकाळी कामावर हजर. दहाव्याला परत सुट्टी मागितली तर वरचे साहेब म्हणाले, "आता कशाला, झालं ना सगळं?" मी गेलो नाही. पिंडाला कावळा शिवायला तास-दीड तास लागला, भाऊ हात जोडून उभा राहिला, चुलत्यांनी "थोरला येऊन जाईल, तुम्ही जावा आता" म्हटल्यावर शिवला, असं मला संध्याकाळी फोनवर कळलं. मी थोरला. त्या वेळी मी इतरांचे ओव्हरटाइमचे आकडे जुळवत बसलो होतो. माझ्या खात्यावर तेव्हा हक्काची रजा शिल्लक होती. मी ती लेखी मागितलीच नव्हती.

तेव्हा सुरुवातीलाच सगळे दिवस डोळ्यांपुढे ठेवा आणि एकाच अर्जात दोन भाग करून मागा. पहिला भाग मृत्यूच्या दिवसापासून तिसऱ्यापर्यंत, म्हणजे रक्षाविसर्जन होईपर्यंत. दुसरा भाग दहावा ते बारावा किंवा तेरावा, तुमच्याकडे जो दिवस घालायचा असेल तो. मधले दिवस कामावर आलात तरी चालतं, पण ज्याच्या हातून क्रियाकर्म आहे त्याने सलग बारा दिवस मागितले तर त्यात कुणाला वावगं वाटू नये. सुतकातला माणूस पाय नाइलाजाने घराबाहेर काढतो. तो कामावर आला तरी त्याचं चित्त घरीच असतं.

सगळ्यांचे दिवस सारखे नसतात. लिंगायत समाजात बहुतेक दफन होतं आणि पुढचे विधी वेगळे. मुसलमान घरात दफन शक्यतो त्याच दिवशी उरकतं, मग तिसऱ्याची जियारत, पुढे चाळीसावा. ख्रिश्चनांत सातव्या दिवसाची आणि महिन्याची मिसा. वेळापत्रक तुमच्या घरचं असू द्या. ते अर्जात एका ओळीत लिहा, म्हणजे वेगळ्या समाजातून आलेल्या अधिकाऱ्याला पुढे परत परत विचारावं लागत नाही.

चुलते गेले. साहेब म्हणतात 'जवळच्या नात्यात' बसत नाहीत.

ज्या कंपन्यांत मृत्यूसाठी वेगळी रजा आहे तिथेही नात्यांची यादी असते. आई-वडील, नवरा-बायको, मुलं. कुठे भाऊ-बहीण, कुठे सासू-सासरे. चुलता, आत्या, मामा, आजी यांची नावं बहुधा नसतात.

आपल्याकडच्या घराचा नकाशा त्या यादीत मावत नाही. बाप मिलिटरीत आणि पोरं चुलत्याने वाढवलेली, अशी घरं आमच्या गावात गल्लीला दोन-तीन सापडतील. आत्या विधवा होऊन माहेरी आली आणि तिनेच घर सांभाळलं, अशीही. सुतक तर भावकीतल्या सगळ्यांना असतं. यादी करणाऱ्याने छोट्या कुटुंबाची कल्पना केली, त्याचा राग मला येत नाही. पण ती यादी आपल्या माणसांनी वाचून "यात हे वाढवा" असं कधी सांगितलंच नाही, याचं वाईट वाटतं.

तोवर करायचं काय? यादीत नसलेल्या नात्यासाठी साधी सीएल किंवा हक्काची रजा मागा. तिला नात्याची अट नाही. आणि अर्जात नुसतं "चुलते" लिहू नका, "मला लहानपणापासून सांभाळणारे, एकत्र कुटुंबातले चुलते" असं लिहा. खोटं नातं मात्र कधीच लावू नका. चुलत्याला बाप केलेले अर्ज मी पाहिलेत. पुढे खरे वडील गेले तेव्हा त्या माणसाला तोंड दाखवायची चोरी झाली.

सासऱ्यांचं झालं. मी सून, दिवसभर रांधण्यात जाते. मला रजा कमी आणि नवऱ्याला जास्त, असं का?

असं असायला नको. सासू-सासऱ्यांचं नाव काही यादींत आहे, काहींत नाही, हे आधी बघून घ्या. काजू कारखान्यात जाणाऱ्या आमच्या शेजारच्या वहिनी सासू गेल्यावर अकरा दिवस घरी होत्या. पहाटेपासून येणाऱ्या-जाणाऱ्यांचा चहा, पावण्यांचं जेवण, विधीचं सामान, सगळं त्यांच्या अंगावर. नवरा पाचव्या दिवशी कामावर गेला. त्यांची मजुरी मात्र अकरा दिवसांची गेली, कारण काम नगावर होतं. घरच्या पुरुषांनी बाईच्या रजेचा हिशेब स्वतःच्या आधी मांडावा, एवढं मी या निमित्ताने कळकळीने सांगतो.

माहेरचं कुणी गेलं तरी तोच हक्क. लग्न झाल्याने आई-वडील "जवळच्या नात्या"तून बाहेर पडत नाहीत.

मुसलमान भगिनींसाठी इद्दत हा वेगळा विषय. नवरा गेल्यावर ४ महिने १० दिवसांचा काळ असतो आणि इतकी पगारी रजा कुणाच्याच खात्यावर नसते. हक्काची रजा संपल्यावर बिनपगारी रजेचा लेखी अर्ज, आणि "सेवा खंडित धरू नये" अशी विनंती त्याच अर्जात करावी.

गर्भपात झाला किंवा बाळ दगावलं तर?

इथे मात्र कायदा आहे. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने गर्भपात झालेल्या स्त्रीला ६ आठवड्यांची पगारी रजा दिली, त्यामुळे आजारपण आलं तर आणखी १ महिना. मृत जन्मलेलं बाळही त्या कायद्याच्या व्याख्येत बाळच आहे, म्हणून तिथे बाळंतपणाची रजा लागू होते. ईएसआय म्हणजे कामगार राज्य विमा योजनेत असाल तर पैसे ईएसआयकडून मिळतात. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या महिला कर्मचाऱ्यांना बाळ जन्मतःच किंवा जन्मल्यावर लगेच दगावल्यास ६० दिवसांची खास रजा दिली.

बापाला काहीच नाही. ब्रिटनमध्ये २०२० पासून १८ वर्षांखालचं मूल गेलेल्या आई-बाप दोघांनाही २ आठवड्यांची रजा आहे, न्यूझीलंडने २०२१ मध्ये गर्भपातानंतर दोघांनाही ३ दिवस दिले. आपल्याकडे असा बाप दुसऱ्या दिवशी शिफ्टला उभा असतो आणि शेजारी उभ्या असलेल्याला कळतही नाही.

अर्ज कसा लिहायचा, कुठल्या भाषेत?

पाच ओळी पुरतात. त्या दिवशी कुणालाच जास्त सुचत नाही, म्हणून हा नमुना फोनमध्ये ठेवून द्या:

"माझे वडील आज दिनांक ___ रोजी पहाटे वारले. अंत्यविधी ___ गावी आहे. मला दिनांक ___ ते ___ अशी ३ दिवसांची किरकोळ रजा आणि दहावा-बाराव्यासाठी दिनांक ___ ते ___ अशी हक्काच्या रजेतून ___ दिवसांची रजा मंजूर करावी. मृत्यू दाखला मिळताच सादर करेन. या काळात माझा फोन भावाकडे असेल."

खासगी कंपनीत जो वाचणार आहे त्याला येणाऱ्या भाषेत लिहा, कन्नड असो वा इंग्रजी. इथे भाषेचा हट्ट धरायची वेळ नाही. लिहिता येत नसेल तर कन्नड येणाऱ्या सहकाऱ्याला सांगा, अशा वेळी कुणी नाही म्हणत नाही. कामगार अधिकाऱ्याकडे म्हणजे सरकारकडे तक्रार करायची असेल तेव्हा मात्र मराठीत लिहायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणे गाऱ्हाणं केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत मांडता येतं.

अर्ज व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला तरी चालेल, पण तो सुपरवायझरच्या एकट्याच्या नंबरवर नको. एचआरलाही पाठवा आणि कामावर आल्यावर कागदावर देऊन पोच घ्या.

पुरावा म्हणून काय द्यायचं?

मृत्यू दाखला. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. दवाखान्यात झालेला मृत्यू दवाखानाच कळवतो, घरी झालेला घरच्यांनी कळवायचा. बेळगाव शहरात महापालिकेत, खेड्यात गावपातळीवरच्या निबंधकाकडे. नावाचं स्पेलिंग आणि आडनाव तिथेच तपासा. कन्नड अक्षरांतून इंग्रजीत जाताना आपली आडनावं हमखास बिघडतात आणि पुढे पीएफ, बँक, वारसा, सगळीकडे तीच चूक आडवी येते.

दाखला हातात यायला वेळ लागतो, तोवर वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेचं कात्रण चालवून घेतात. "रक्षाविसर्जन उद्या सकाळी अमुक स्मशानभूमीत" अशी ओळ त्यात असते, ती तारखेसाठी पुरते. मरणाचा पुरावा मागणं हे कुणालाही टोचतं. पण मागणारा क्लार्क बहुतेक वेळा माझ्यासारखाच असतो, त्यालाही वर फाइल दाखवायची असते.

१२ दिवसांनी गेलो तर म्हणाले, तुझं नाव काढलंय. असं करता येतं?

गडबडून सही करू नका. राजीनाम्यावर तर मुळीच नाही.

वर सांगितलेल्या नमुना स्थायी आदेशांत रजा संपल्यावर ८ दिवसांत परत आला नाही तर नोकरीवरचा हक्क जातो, अशी ओळ आहे. विनापरवाना १० दिवसांपेक्षा जास्त गैरहजर राहणं हे गैरवर्तनही ठरतं. ज्याने काहीच कळवलेलं नाही त्याला म्हणूनच त्रास होतो. पण १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका कामगाराच्या प्रकरणात सांगितलं की म्हणणं ऐकून न घेता नुसत्या गैरहजेरीवरून नाव कमी करणं हे नैसर्गिक न्यायाला सोडून आहे. २०१२ मध्ये एका सरकारी नोकराच्या प्रकरणात न्यायालयाने आणखी स्पष्ट केलं: गैरहजेरी जाणूनबुजून होती हे सिद्ध व्हावं लागतं. नाइलाजाने आलेली गैरहजेरी वेगळी.

तेव्हा लेखी उत्तर द्या, मृत्यू दाखला जोडा, केलेल्या फोनची यादी आणि पाठवलेले मेसेज जपून ठेवा. ऐकलं नाही तर वेळ न घालवता कामगार अधिकाऱ्याकडे जा.

मी कंत्राटदाराकडून आहे. मला यातलं काही लागू होतं?

कारखान्यात काम करणारा माणूस कंत्राटदारामार्फत आला तरी हक्काच्या रजेसाठी कामगारच धरला जातो. रजा मागायची कंत्राटदाराकडे. त्याने मजुरी थकवली तर मूळ मालकाची जबाबदारी येते. अडचण अशी की कंत्राटदार बदलला की दिवस पुन्हा शून्यापासून मोजतात. तुमच्या हजेरी कार्डांचे फोटो काढून ठेवा.

विडी वळणाऱ्या बायका, ऊसतोडीच्या टोळ्या, घरकाम करणाऱ्या?

त्यांच्यासाठी मरणाच्या रजेचं उत्तर आजही "काम नाही तर पैसे नाहीत" हेच आहे. निपाणीत घरी विड्या वळणारी बाई नवऱ्याच्या तेराव्याच्या आधीच सूप मांडीवर घेते. गळीत हंगामात आलेल्या टोळीतलं माणूस दगावलं तर प्रेत गावाकडे नेण्यासाठी मुकादमाकडून पुन्हा उचल घ्यावी लागते. कारखान्यातल्या कायम कामगारांच्या तीन दिवसांबद्दल आपण बोलतो तेव्हा ही माणसं त्या चर्चेतही नसतात.

युनियनने करारात काय मागावं?

कलम छोटं ठेवा. असं काहीतरी: "कामगाराचे आई-वडील, सासू-सासरे, पती-पत्नी, मुले, भाऊ-बहीण, आजी-आजोबा किंवा एकत्र कुटुंबातील पालनकर्ते यांच्या मृत्यूनंतर ५ दिवस पगारी रजा, ती सलग किंवा १५ दिवसांच्या आत दोन भागांत घेता येईल, पूर्वपरवानगीची अट नाही, त्यापुढे मागितल्यास हक्काची रजा नाकारली जाणार नाही."

"दोन भागांत" आणि "पालनकर्ते" हे दोन शब्द सोडू नका. तिसरा दिवस आणि बारावा, दोन्ही पदरात पडतात ते पहिल्यामुळे, आणि चुलते-आत्या आत येतात ते दुसऱ्यामुळे. मालकाला खर्चही फार नाही. एका माणसाच्या नोकरीच्या उभ्या आयुष्यात अशी रजा किती वेळा लागते? राज्याने ठरवलं तर नवी रजा देता येते, हेही लक्षात असू द्या. नोकरदार महिलांना महिन्याला १ दिवस पाळीची पगारी रजा देण्याचं धोरण कर्नाटक मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजूर केलं.

कामावर आलो, पण कामात मन लागत नाही.

सुपरवायझरला सांगा आणि आठवडाभर हलकं काम मागा. फाउंड्रीत वितळलेल्या लोखंडाची कढई घेऊन चालणाऱ्याचं मन दुसरीकडे असणं म्हणजे त्याच्यासह चार जणांचा जीव टांगणीला. आमच्याकडे एक जुने मुकादम होते. सुतकातून आलेल्या गड्याला ते पहिले पाच-सहा दिवस भट्टीवर उभा करत नसत, सँड प्लांटला किंवा मोजणीला लावत. कुठल्याही नियमात नव्हतं ते.

झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, हे महिनाभर चालू असेल तर टेली मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. मराठीत बोलता येतं, कन्नडमध्येही.

माझ्या घरातलं नोकरी करणारं माणूसच गेलं. ऑफिसातून काय येणं असतं?

थोडक्यात: न वापरलेल्या रजेचा पगार वारसांना मिळतो. पीएफ असेल आणि वर्षभर सलग नोकरी झाली असेल तर त्यासोबतच्या विम्यातून किमान २.५ लाख ते कमाल ७ लाख रुपये, आणि कुटुंबाला पेन्शन. ईएसआय असेल तर अंत्यविधीसाठी १५,००० रुपये. वारसाचं नाव आधीच नोंदवलेलं आहे का, ते जिवंतपणीच बघून ठेवायची गोष्ट आहे.

वर्षश्राद्धाला रजा मिळते का?

मिळते. आणि हीच एक रजा आहे जी १५ दिवस आधी मागता येते, कारण तिथी आधी कळते. पंचांग आलं की तारीख काढा आणि अर्ज देऊन टाका. त्या पावसाळ्यानंतर मी हजेरीपटाच्या शेवटच्या पानावर माझ्या वडिलांची तिथी लिहिली. हळूहळू खिडकीशी येणारे गडी आपापल्या माणसांच्या तिथ्या सांगू लागले आणि मी त्या खाली लिहीत गेलो. निवृत्त होताना ते पान भरलं होतं. नव्या क्लार्ककडे किल्ल्या दिल्या, तेव्हा ते पानही उघडून दाखवलं.